खोट्या दरोडेखोरांसाठी स्वस्तातलं पिस्तूल

"तोंड वाळूकडे! वाळूकडे कर ते! माझ्याकडे नको, गाढवा, वाळूकडे!"

म्हातारा ओरडत होता आणि ओरडता ओरडताच आपल्या पिकअपमागे पालथा पडत होता. एरवी खुर्चीतून उठायला त्याला सव्वा तास लागायचा. त्यातला पाऊण तास गुडघ्यांना शिव्या देण्यात जायचा. तो माणूस त्या सकाळी असा उडाला, की त्याची टोपी हवेत राहिली आणि तो आधी जमिनीवर पोचला.

मी हातात पिस्तूल घेऊन, बोट चापावर ठेवून, त्याच्याकडे वळून उभा होतो. माझं म्हणणं साधं होतं: काका, हे बघा ना, अडकलंय. आपल्याकडे वस्तू बिघडली की आपण ती जाणकाराच्या नाकासमोर धरतो. घड्याळ बंद पडलं, धरलं. मिक्सर बसला, धरला. पिस्तूल तसं धरायचं नसतं, हे मला सांगलीत कुणी शिकवलं नव्हतं.

हा म्हातारा माझा शेजारी. जन्मभर लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेला, बायको गेलेली, बोलणं मोजून-मापून. मी मनातल्या मनात त्याला काका म्हणायचो. तो मला 'इंजिनिअर' म्हणायचा, आणि असं म्हणायचा की माझी पदवी परत करावीशी वाटावी. ॲरिझोनात, चँडलरच्या कडेला, कापसाच्या शेतांपलीकडे आमची दोन भाड्याची घरं शेजारी शेजारी होती. त्यापुढे वाळवंट, आणि वाळवंटापुढे आणखी वाळवंट. साल ऐंशीच्या दशकातलं. नेमकं सांगत नाही, कारण म्हातारा वरून ऐकत असेल आणि चूक काढेल.

पिस्तूल मी का घेतलं, ते आता सांगतो. हे मी आजवर कुणालाही सरळ सांगितलेलं नाही.

त्या वर्षाच्या सुरुवातीला आम्ही ओहायोत होतो. मार्चमध्ये बायको भावाच्या लग्नासाठी मुलीला घेऊन सांगलीला गेली, आणि एप्रिलमध्ये माझी नोकरी चँडलरला आली. तेव्हा ॲरिझोना तिने पाहिलंच नव्हतं. तिचं ॲरिझोना म्हणजे माझी पत्रं. ग्रीन कार्डाचा हिशेब असा, की वर्षाच्या आत ती परत आली नाही तर तिचं कार्ड गेल्यातच जमा. म्हणजे पुढच्या मार्चच्या आत.

आता मी लिहू काय? कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात कामाला जात होतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, तोंडावर फडकं. दिवसभर सगळ्यांचे फक्त डोळे दिसायचे. सात महिने ज्याच्या शेजारी उभा राहून काम केलं, तो मला किराणा दुकानात भेटला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, आणि त्याला दाढी होती. घरी यायचो, खिचडी लावायचो. कुकरची शिट्टी झाली की "आलो आलो" म्हणायचो. पंचवीस मैलांत मराठी बोलणारा मी एकटा. वादात कायम मीच जिंकायचो.

हे असं खरं खरं लिहिलेलं पहिलं पत्र गेलं, तेव्हा उत्तर आलं अर्धं पान. प्रकृतीला जपा, इकडे सर्व ठीक. दुसऱ्या पत्रात मी सहज एक साप घातला. साप खराच होता, पण रस्त्यावर मोटारीखाली येऊन वाळलेला. पत्रात तो जिवंत होऊन माझ्या पायरीवर आला आणि शेपटीने खुळखुळा वाजवायला लागला. उत्तर आलं चार पानं! दोन्ही बाजूंनी, समासात आडवं लिहिलेलं. मला कळलं, सापाची लांबी वाढली की पत्राची लांबी वाढते. मग मी थांबतोय कशाला! जुलैपर्यंत माझे विंचू खेकड्याएवढे झाले. कोल्हे खिडकीतून आत डोकावून डाळ शिजली का विचारायला लागले.

ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याच्या अंगणातून झाडांना पाणी घालायचा रबरी पाइप चोरीला गेला. हिरवा, ठिकठिकाणी ठिगळं लावलेला. मी पत्रात लिहिलं, शेजारी दरोडा पडला. तीन जण होते. तोंडाला रुमाल बांधलेले.

या पत्राला सहा पानं आली. पण सहाव्या पानाच्या शेवटी होतं: "अशा ठिकाणी मुलीला घेऊन कशी येऊ? तुम्हीच सांगा."

त्या वेळी एक ओळ लिहायची होती, की अगं, पाइप होता. पण मग साप निघाला असता, सापामागून विंचू निघाले असते, आणि सहा पानांचं पुन्हा अर्धं पान झालं असतं. मी लिहिलं: काळजी करू नकोस, घरात बंदोबस्त करतो. आणि खोट्या दरोडेखोरांसाठी खरं पिस्तूल आणायला निघालो.

गहाणवटीच्या दुकानात काचेखाली दोन वस्तू माझ्या ऐपतीतल्या होत्या. एक जुनं रिव्हॉल्व्हर, पोलिसांनी वापरून सोडलेलं, निळा रंग कडांना घासून गेलेला. दुसरं कोरं छोटं पिस्तूल, चकचकीत, तळहातात मावणारं, जरा कमीच किमतीचं. दुकानदार भला होता. तो म्हणाला, "मी असतो तर जुनं घेतलं असतं. हे नवं स्वस्त धातूचं ओतीव काम आहे. एखादं चांगलं निघतं, एखादं नाही."

पण माझ्या डोक्यात खंडेनवमी होती. पुढच्या महिन्यात शस्त्रपूजा. पोलिसाचं जुनं हत्यार, त्याने कुणाकुणाला संपवलंय कुणास ठाऊक, ते मी देवापुढे ठेवू? पूजेला वस्तू कोरी हवी. मी नवं घेतलं. त्यासोबत लाइफटाइम गॅरंटीचा कागद होता. कुणाच्या लाइफची, ते लिहिलं नव्हतं.

खंडेनवमीला ओट्यावर पाट मांडला. पाटावर टॉवेल, टॉवेलवर पिस्तूल, त्याच्या एका बाजूला माझा कॅल्क्युलेटर आणि दुसऱ्या बाजूला स्क्रूड्रायव्हरचा संच. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूऐवजी कारखान्याच्या फाटकाजवळची केशरी फुलं. त्याआधी हत्याराला तेल लावायला हवं, म्हणून बायकोची खोबरेलाची बाटली काढली. ओहायोतून भांड्यांच्या खोक्यात आलेली. तिचं बूच उघडलं की घरात कुणीतरी केस विंचरत बसलंय असं वाटायचं, त्यामुळे मी ती गरज नसतानाही उघडत असे. त्या दिवशी गरज होती. मी पिस्तूल असं माखलं, की त्याला वेणी घालायची बाकी राहिली. मग फोटो काढला आणि सांगलीला धाडून दिला: बघ, बंदोबस्त झाला, आता या.

त्या फोटोला उत्तर येईना. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. मी रोज पोस्टाच्या डब्यात हात घालायचो, विंचवाच्या भीतीशिवाय. शेवटी डिसेंबरातल्या एका शनिवारी म्हातारा म्हणाला, "इंजिनिअर, ते खेळणं चालतं का, बघितलंस का कधी?" आणि आम्ही सकाळी सातला कोरड्या ओढ्यात आलो. थंडी अशी, की श्वास सोडला तर तो खाली पडून फुटत होता. मी डब्यावर नेम धरला, चाप ओढला. क्लिक. परत ओढला. काहीच नाही. मग मी काकांना दाखवायला वळलो.

म्हातारा पिकअपमागून उठला, आला आणि त्याने पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं. गोळ्या काढल्या. पिकअपच्या मागच्या फळीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पिस्तूल उघडलं. आत सगळीकडे पांढरं, घट्ट, डालड्यासारखं काहीतरी बसलेलं. त्याने बोटावर घेऊन वास घेतला.

"हे काय आहे?"

"तेल."

"कसलं?"

"नारळाचं."

त्याने बोट वर्तमानपत्राला पुसलं. मग काडीने कोरून लाल पूड काढली, पिवळी पूड काढली, आणि गोळीवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकाजवळून तांदळाचा एक अख्खा दाणा काढून वर्तमानपत्रावर ठेवला.

"आणि हे जेवण कुणाचं?"

थंडीत खोबरेल गोठतं, हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे, बाटली उन्हात ठेवून जो शाळेत गेलाय, तो मी. धुळीचा कण शोधायचा पगार घेणारा, तो मी. मी सगळं सांगितलं, शस्त्रपूजा, पाट, फुलं. म्हातारा हसेल असं वाटलं. तो म्हणाला, "माझी आई ट्रॅक्टरला आशीर्वाद द्यायची. पण टाकीत काही ओतायची नाही."

त्याने सगळे भाग रॉकेलने धुतले, स्वतःचं तेल दोन थेंब लावलं आणि पुन्हा जोडून माझ्या हातात दिलं. "आता नारळाचा दोष संपला. आता याचा स्वतःचा दोष बघू."

आम्ही अख्खी डबी संपवली. पन्नास गोळ्यांत ते पाच वेळा अडकलं. कधी रिकामी पुंगळी बाहेर पडेना, कधी नवी गोळी वर येईना. चाप इतका जड, की एक गोळी झाडायला मनगट दुखायचं, आणि दहा पावलांवरच्या डब्याला लागल्या त्या तीन. त्यातली एक म्हाताऱ्याची, आणि उरलेल्या दोन मी अजून माझ्या म्हणून सांगतो.

"मग घ्यावं की नाही असलं?" मी विचारलं.

"धातू मऊ आहे. झिजत जाणार, आणखी अडकणार. डब्यांशी खेळायला चालेल. जिवाचा प्रश्न असेल तर यापेक्षा दगड बरा. दगड अडकत नाही." त्याने ते फडक्यात गुंडाळलं. "ते जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायला हवं होतंस. आणि भरलेलं हे हातातून खाली पडलं, तर उडूही शकतं. घरात कोण कोण आहे?"

"कुणी नाही."

"मुलं?"

"एक मुलगी. साडेपाच वर्षांची. येणार आहे."

"कधी?"

इथे मी काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं. एरवी माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. त्या वेळी मी वाळूतल्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला लागलो. म्हाताऱ्याने गुंडाळलेलं पिस्तूल आपल्या अवजारांच्या पेटीत टाकलं आणि पेटीला कुलूप लावलं. मी मागितलं नाही.

घरी आलो तर डब्यात पत्र. पातळ. फोटो सासऱ्यांनी सगळ्या घराला दाखवला होता, काही शेजाऱ्यांनाही. "बाबा म्हणतात, ज्या घरात देवापुढे पिस्तूल ठेवावं लागतं त्या घरात लेकराला पाठवणार नाही. मी त्यांना काय सांगू, ते कळवा." अर्धं पानसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी फोन लावायला बसलो. त्या काळी सांगलीला फोन लागेपर्यंत माणसाला मिशा फुटून त्या पिकायच्या. फोन सासऱ्यांच्या शेजारच्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडे संध्याकाळ होती. कुणीतरी तिला हाक मारायला धावलं. मी चपलांचा आवाज ऐकला, मग तिचा श्वास, आणि तिच्यामागे निदान दहा माणसं गप्प उभी राहिल्याचा आवाज.

"बोला," ती म्हणाली.

मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा सगळं त्याच्या मूळ मापात बोललो. दरोडा पडला नव्हता, रबरी पाइप गेला होता. साप मेलेला होता, विंचू मी आजवर एक पाहिलाय, तोही बाटलीत, दुकानात. कोल्हे लांबून ओरडतात, जवळ येत नाहीत. पिस्तूल आता घरात नाही, शेजारच्या काकांकडे कुलपात आहे, आणि तसंही ते चालत नाही. घर स्वच्छ आहे. मागच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे, हे खरं आहे, मी कधी लिहिलं नव्हतं. शाळेची पिवळी बस समोरच्या कोपऱ्यावर थांबते, मी बघितलंय. मी घाबरवलं ते तू मोठी पत्रं लिहावीस म्हणून. मला इथे करमत नाही. तिकीट उद्या पाठवतो. मार्चला अजून वेळ आहे, तू मुलीला घेऊन ये.

माझाच आवाज समुद्राखालून फिरून दोनदा माझ्या कानात परत आला. ये, ये. मग नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली.

"हॅलो? अगं, ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "मुलीचं नाव जूनमध्येच घातलंय इथल्या शाळेत. तुमच्या दरोड्याच्या आधी."