आईचा खोकला आणि माझं नेतृत्व

वारली माणूस डोंगरात हरवत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांची आणि माझी ओळख झालेली नसावी.

मी तलासरीकडच्या पाड्यावरची खरी, पण पाचवीपासून आश्रमशाळेच्या होस्टेलात आणि नोकरी लागल्यापासून डहाणू रोडला. मला पाठ आहे ते एसटीचं वेळापत्रक! तरी तिथल्या भटकंतीच्या ग्रुपमध्ये मी हौसेने नाव घातलं. सव्वीस माणसांत आदिवासी मी एकटीच. ग्रुपचे प्रमुख पराग सर एक दिवस भारावून म्हणाले, "डोंगर सगळ्यांचा आहे! यावेळी कासाजवळचा डोंगर करू, आणि नेतृत्व सुनंदाताई करतील. त्यांच्या रक्तातच वाट आहे!"

टाळ्या पडल्या. माझ्या रक्तात फक्त हिमोग्लोबिन आहे आणि तेही कमी, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतक्या टाळ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्या होत्या, म्हणून मी मान डोलावली. एकदा मान डोलावल्यावर "मला वाट माहीत नाही" म्हणायची लाज वाटायला लागली.

म्हणून आईला गाठलं. त्या डोंगराच्या कुशीत तिचं माहेर.

"तू मागून चाल. डावीकडे वळायचं असेल तर एकदा खोक, उजवीकडे असेल तर दोनदा."

"आनि सरळ जायचं असंल तं?"

"गप्प बस."

"ते मना नांय जमनार," आई म्हणाली. पण पोरीची अब्रू, म्हणून कबूल झाली.

भाताची शेतं हिरवीगार होती. मी पुढे, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. मागे ग्रुप, आणि ग्रुपमध्ये अनवाणी आई. (सरांना मी सांगून ठेवलं होतं, "आईला जरा खोकला आहे हं.") एक खोकला, मी डावीकडे. दोन खोकले, मी उजवीकडे. "कमाल आहे! नकाशा नाही, काही नाही!" मागून कुणीतरी म्हणालं. मी नम्रपणे आकाशाकडे बघितलं.

मग एकदम तीन खोकले आले. तीनचं काही ठरलंच नव्हतं! मी हिशेब केला, एक अधिक दोन, आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे वळले. पुढे तर सलग सात आले. सातला काय करणार? मी जागच्या जागी एक गिरकी घेतली.

पराग सर हळूच सगळ्यांना म्हणाले, "दिशा घ्यायची यांची परंपरागत पद्धत असणार. आपणही मान राखू." आणि पंचवीस माणसं बांधावर गोल फिरली!

थोड्या वेळाने निळा शर्ट घातलेलं एक बुजगावणं लागलं. पुन्हा थोड्या वेळाने निळ्या शर्टातलं बुजगावणं. तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "इकडे सगळ्या बुजगावण्यांना गणवेश असतो वाटतं!" मला मात्र दरदरून घाम फुटला. मी मागे वळून बघितलं.

रांगेत आई नव्हती.

क्षणात टोपी, टाळ्या, अब्रू सगळं विसरले. सत्तरीची बाई, पायात चप्पल नाही, कुठे घसरून पडली असेल तर? आणि मी तिला खोकायला आणलेलं!

"सर, माझी आई हरवली! आणि मला वाट माहीत नाही, कधीच नव्हती! ती खोकत होती म्हणून मी वळत होते!"

तेवढ्यात ओळीच्या टोकाकडून खोकला आला. चिकूच्या वाडीवाले राऊतकाका रुमाल तोंडाला लावून उभे होते.

"काका, तुम्ही?"

"अहो, सकाळपासून सर्दी आहे. मी खोकलो की तुम्ही वळता. मला वाटलं, माझ्यापासून लांब पळताय!"

मी शिट्टी फुंकत, रडत "आई! आई!" ओरडायला लागले. शेतापलीकडून शांत आवाज आला, "काय झालं गे?"

कुडाच्या घराच्या ओट्यावर आई बसली होती. शेजारी तिची मावसबहीण लक्षी, दोघींच्या हातात कोरा चहा. सोयऱ्याच्या दारावरून पाणी न पिता पुढे जायचं नसतं, म्हणून ती रांगेतून निघून ओट्यावर टेकली होती. मला हाक मारली होती म्हणे, पण मी नेतृत्व करत होते.

मी धावत जाऊन तिला मिठी मारली. इतकं हलकं मला टाळ्यांनीही वाटलं नव्हतं.

"इथून दिसत होतो ना आम्ही? मग ओरडली का नाहीस?"

"तीन वेळा दिसले. म्या लक्षीला सांगितलं, शहरातल्या मानसांना डॉक्टर असंच गोल गोल फिरायला सांगतं. मधीच गिरकी घेतली तवा वाटलं, शुगर जास्ती असंल."

पहिले हसले ते पराग सर. मग म्हणाले, "गिरकीचं चुकलंच माझं. विचारायला हवं होतं." लक्षीमावशीने सगळ्यांना चहा केला. पुढे आईच वाट दाखवत निघाली, न खोकता. पण वाटेवरच्या प्रत्येक पाड्यात तिचं कुणीतरी सोयरं होतं, आणि प्रत्येक ओट्यावर टेकणं भाग होतं. माथा राहिला तो राहिलाच. राऊतकाकांना पाचव्या घरी काढा मिळाला. "तीन वर्षं ग्रुपबरोबर डोंगर चढतोय," ते म्हणाले, "डोंगरात माणसं राहतात हे आज कळलं."

पुढच्या भटकंतीची यादी ग्रुपवर आली आहे. नेतृत्व : सुनंदाताईंच्या आई. खाली ठळक अक्षरांत 'डोंगराची ज्यांना अजिबात ओळख नाही, अशांना सामावून घेऊ या', आणि त्याखाली एकच नाव.

माझं. शिवाय आईने सरांना बजावलंय, "तिला रांगेच्या मधी ठेवा. आनि शिट्टी काढून घ्या."