इतिनंतरचं बाळ

आमच्या घरी तिसरं मूल होणार नाही, हे मी दुसऱ्या बाळाच्या बारशात माइक हातात घेऊन जाहीर केलं होतं.

त्याचं असं झालं. मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. (शिकवतो म्हणजे बोलतो; पोरं समोर बसलेली असतात.) पहिला मुलगा झाला तेव्हा प्रत्येक बिल्डिंगीत चार-चार सापडणारं नाव नको म्हणून मी त्याचं नाव 'अथ' ठेवलं. अथ म्हणजे आरंभ! सगळ्यांनी वा वा केलं आणि आठवडाभरात गल्लीने त्याचा 'आता' करून टाकला. शेजारच्या काकू फाटकातून विचारायच्या, "आता कुठं गेला?" मी पिशवी सावरत सांगायचो, "कुठं नाही, दूध आणायला." मग कळायचं की चौकशी माझी नव्हती, पोराची होती.

पुढे मुलगी झाली. अथच्या जोडीला काय शोभेल? अर्थात 'इति'! अथपासून इतिपर्यंत! बारशात मी भाषणच ठोकलं. "मंडळी, ग्रंथ संपूर्ण!" टाळ्या पडल्या. माझी बायको शुभदा पाळण्यापाशी बसून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. (तेव्हा बघायची.)

इति पहिलीत गेली आणि एका सकाळी शुभदाने माझ्यापुढे चहा ठेवून सांगितलं, "अहो, तुमच्या ग्रंथाला पुरवणी निघाली आहे."

बशी हातातच राहिली. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं? डॉक्टर? खर्च? बायकोची तब्येत? मी विचारलं, "शुभदा, इतिनंतर काय येतं गं?"

"मळमळ येते!" असं म्हणून ती बाथरूमकडे पळाली.

स्टाफरूममध्ये बातमी फुटली आणि माझे सहकारी कामाला लागले. एकाने 'परिशिष्ट' सुचवलं, दुसऱ्याने 'ताजा कलम'. केमिस्ट्रीच्या सरांनी तर "मुलगी झाली तर 'सुधारित आवृत्ती' ठेवा" म्हणून सल्ला दिला आणि स्वतःच टेबलावर हात आपटून हसले. अकोल्याहून सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, यावेळी साधं नाव ठेवजा बापा! मागच्या वेळी जो तो मले विचारे, इती म्हणजे किती?"

बाळंतपणाला शुभदा अकोल्याला माहेरी गेली. मुलगा झाला. मी पोचलो, बाळ पाहिलं, हातात घेतलं आणि बाळ रडायच्या आत म्हणालो, "अपि!"

"म्हणजे?" शुभदाने उशीवरूनच विचारलं.

"अपि म्हणजे 'सुद्धा'. अथ, इति, अपि! तिन्ही दोन अक्षरी, तिन्ही अव्ययं..."

"पोराचं नाव 'सुद्धा' ठेवून राहिले तुम्ही? म्हणजे दोन तर होतेच, हा सुद्धा आला? जन्मभर अर्थ सांगत फिरंल बिचारा! ते काही नाही. मी ठरवलं आहे. विहान."

"विहान? अथ, इति आणि विहान? म्हणजे पुरणपोळी, कटाची आमटी आणि पिझ्झा?"

"पोरांना पिझ्झाच आवडतो," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दोन्ही बाजूंनी तोफा सुरू झाल्या. मी फोनवर 'अपि कसा आहे?' विचारलं की पलीकडून 'विहान मजेत आहे' असं उत्तर यायचं. ऐकणाऱ्याला वाटावं जुळं झालं!

या धुमाळीत इति गप्प झाली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एकदा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, इति म्हणजे शेवटचं ना?"

"शाब्बास! इति म्हणजे समाप्त!"

"दादा म्हणतो, मी आता शेवटची नाही. मधली आहे. मग..."

"थांब हं बेटा, बाबा विचार करतायत," मी म्हणालो. मी 'अपि'च्या बाजूने नवे मुद्दे जमवत होतो.

बारसं अकोल्यालाच ठेवलं. मी दोन्ही मुलांना घेऊन बसने निघालो. इतिला नुकतं वाचता येऊ लागलं होतं. ती खिडकीशी बसून दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होती आणि मी 'छान, छान' म्हणत 'अपि'चं भाषण मनात घोळवत होतो.

माझी मोठी बहीण, प्रमिलाताई, परतवाड्याहून आली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. म्हणजे खरी सत्ता तिच्याकडे! मी तिला स्वयंपाकघरात पाण्याच्या माठामागे गाठलं.

"ताई, लक्षात ठेव. अपि."

"आप्पे? कोणी केले?"

"आप्पे नाही गं! अपि! बाळाचं नाव!"

"अन् सकाळी शुभदानं मले विहान सांगतलं थे?"

"ते विसर."

"तिनंबी हेच म्हटलं, सुहास काही सांगंन, थे विसर." ताईने पदर खोचला. "आता दोघंबी गप राहा. पाळण्यापाशी जे तोंडात येईन, थे नाव!"

हॉल माणसांनी गच्च भरला. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली बायका, मागे पुरुष, त्यांच्याही मागे बाळाच्या नावापेक्षा मसालेभाताच्या वासाकडे लक्ष असलेली मंडळी. 'कुणी गोविंद घ्या' झालं. ताई वाकली. चार बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून सज्ज झाल्या. ताईने श्वास घेतला...

आणि पाळण्याखालून इति बाहेर आली. ती केव्हा खाली जाऊन बसली होती, कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली,

"इति!"

बाळ दचकून रडू लागलं. सवयीने दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मागून एका आजोबांनी विचारलं, "पोरगी झाली का?"

"नाही, पोरगा."

"मंग इती?"

मी पुढे धावलो. "इति, हे काय? ते तर तुझं नाव आहे!"

"आता ह्याचं," ती म्हणाली. फ्रॉकची झालर मुठीत घट्ट धरली होती. "तुम्हीच सांगितलं, इति म्हणजे शेवटचं. शेवटचा हा आहे. मी नाही. माझं नाव मी ठेवलं आहे."

"काय?"

"पिंकी. पिंकीचा अर्थ कोणी विचारत नाही."

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजवर दोनदाच पाहिली आहे. दुसऱ्या वेळी मी गॅसवर दूध ठेवून नाटकाला गेलो होतो. आणि अशी नजर पडली की मराठीचा शिक्षक जे करतो तेच मी केलं. समजावून सांगू लागलो.

"हे बघ इति, व्याकरणाच्या दृष्टीने इति याचा मूळ अर्थ 'असे' असा..."

"सुहास्या!" ताई कडाडली. "तू गप बस! पोरगी रडून राहिली अन् हा व्याकरण सांगून राहिला!"

तिने इतिला उचलून मांडीवर घेतलं. "हे पाय बाई. माह्यं नाव प्रमिला. अर्थ मले अजून मालूम नाई. काही अडलं का माह्यं? इति म्हणजे आमची पोरगी, बस! दुसरा अर्थ मी मानत नाई. अन् आता तू मोठी बहीण झाली. मोठ्या बहिणीचा रुबाब काय असते, थो तुह्या बापाले विचार."

मी मान हलवली. साऱ्या हॉलने तो रुबाब आत्ताच पाहिला होता.

"आज मी माहा मान तुले देतो," ताई म्हणाली. "नाव तू ठेव. पण तुह्यं सोडून दुसरं."

इतिने नाक पुसलं. "कोणतं पण?"

"कोणतंबी."

मी डोळे मिटले. शुभदाही पुटपुटत होती. बहुतेक 'विहान, विहान' असंच. इति पाळण्यावर वाकली आणि यावेळी हळूच काहीतरी म्हणाली. मग हॉलकडे वळून तिने जाहीर केलं,

"गजानन!"

"अगं, पण गजानन का?" मी विचारलं.

"बाबा, अमरावतीपासून इथपर्यंत तेच लिहिलं आहे! ऑटोवर, ट्रकवर, रसवंतीवर. सगळ्यांना वाचता येतं."

सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. कोणीतरी म्हणालं, "जय गजानन!" आणि सगळा हॉल गरजला, "जय गजानन!" धपाट्यांसाठी इतका वेळ ताटकळलेल्या बायकांनी इतिच्या पाठीवर फुलासारखे हात ठेवले आणि उरलेला जोर ताईच्या पाठीवर काढला. मसालेभातवाले तर उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

"पण अथ, इति आणि गजा..." मी तोंड उघडलं.

शेजारचे आजोबा जोडलेले हात तसेच ठेवून माझ्याकडे वळले. "काय म्हणता, जावईबापू?"

अकोल्यात, गजानन महाराजांच्या मुलखात, भर हॉलमध्ये, या नावाला नाही कोण म्हणणार? "जय गजानन म्हणतो," मी म्हणालो.

शुभदा पाळण्याची दोरी धरून हसत होती आणि डोळेही पुसत होती. "विहान गेलं," ती म्हणाली. "आणि तुमचं 'सुद्धा' सुद्धा गेलं!"

परत जाताना बसमध्ये मी इतिला जवळ घेतलं. "खरं सांग, तुला तुझं नाव आवडत नाही का?"

"आवडतं ना. फक्त बाबा, तुम्ही ते सगळ्यांना समजावून सांगत नका जाऊ."

तेव्हापासून मी ते कोणाला समजावत नाही. इति इतिच राहिली. गजानन आता चालायला लागला आहे आणि त्याचा कान धरायचा हक्क फक्त तिचा आहे. संध्याकाळी मी गच्चीवरून "अथ! इति! गजानन!" अशी हाक मारतो तेव्हा पहिल्या दोन हाकांना कोणी ढुंकून बघत नाही. तिसरीला मात्र सायकलवरून जाणारे लोक एक हात सोडून नमस्कार करतात.

मागच्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगीतलं तरुण जोडपं बारशाचं आमंत्रण द्यायला आलं. मुलगी झाली होती. मी लगेच सरसावून बसलो.

"सर, नक्की या बरं," नवरा म्हणाला.

"येणारच! किती वाजता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तसं बाकीच्यायले अकरा सांगितलं आहे," तो अदबीने म्हणाला. "पण सर, तुमी एक वाजता आले तरी चालते. तोवर नाव ठेवून होऊन जाईन!"