मांडीचं माप

तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "ढकला."

नाव विचारायच्या आधी, कुठं दुखतं ते विचारायच्याही आधी. तुमचा गुडघा दुखत असला तर तळपायाला तिचा तळहात, खांदा दुखत असला तर मनगटाला. आणि एवढा एकच शब्द. माणूस गोंधळून जायचा. आपण आलो दुखणं दाखवायला, आणि ही बाई तर भांडायलाच बसली. मग तो आपला नावापुरतं ढकलायचा. ती म्हणायची, "हे तर माशी हाकलणं झालं. मले ढकला नं."

आमच्या गल्लीत तिला सगळे नागपूरची म्हणायचे. नवरा व्हाइटफील्डला कंपनीत, म्हणून ही बेंगळुरात आलेली. औषधाच्या दुकानावरची एक खोली घेऊन तिथं फिजिओथेरपी करायची. खोलीत एक उंच बाक, एक आरसा, दोन लाकडी पायऱ्या आणि भिंतीला टांगलेले रबराचे पट्टे. बस. लोकांना वाटायचं, एवढ्यात काय होणार. लोक तेलाची बाटली घेऊन यायचे. ती बाटली हातात घ्यायची, वास घ्यायची, छान आहे म्हणायची आणि परत द्यायची. तेल घरी लावा, इथं काम करा. पुण्याकडची एक मुलगी मानेचं दुखणं घेऊन आली होती, दिवसभर लॅपटॉपपुढे असणारी. तिनं विचारलं, एक्झॅक्टली कोणता मसल वीक आहे, मॅम? ही म्हणाली, "जो तू शाळा सुटल्यापासून वापरला नाही, तो."

आता माझं सांगते. तीन पिढ्या आम्ही इथं शिवणकाम करतो. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि रागावल्यावर दोन्ही. खाली घर, वर शिवणाची खोली, मध्ये सतरा पायऱ्यांचा जिना. वर माझ्या सासूबाईंचं पायाचं मशीन आहे. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज चाळीस वर्षं मी त्यावर शिवले. मग उजवा गुडघा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, झीज आहे, ऑपरेशनची आत्ता गरज नाही, व्यायाम करा. कागदावर फिजिओथेरपी असंही लिहून दिलं. पण बघा, आमच्या घरानं त्यातला एकच शब्द ऐकला. झीज. तो ऐकला आणि कागद घडी करून कपाटात ठेवला.

मुलगा माझा चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवते. त्यानं उंच खुर्ची आणली. जमिनीवर बसायचं नाही. जिना चढायचा नाही. पाणी मागितलं की पाणी हातात. सून ताट खुर्चीत आणून द्यायची. मी राणीसारखी बसले, वर्षभर बसले. आणि वर्षानं खुर्चीतून उठायला मला दोन हात आणि देवाचं नाव लागायला लागलं. झिजतंय म्हणून मी वापरत नव्हते, आणि वापरत नव्हते म्हणून उरलंसुरलं जात होतं. हे तेव्हा कोणाला कळलं नाही. मी फक्त मापं घ्यायची, तीही खुर्चीत बसून, आणि कापड जायचं यशवंतपूरच्या एका कारागिराकडे. दसरा झाला की मशीनही तोच नेणार होता, आणि वरची खोली नोकरीवाल्या मुलींना भाड्यानं जाणार होती. सगळं ठरलं होतं. माझ्यासमोरच ठरलं. मी मान हलवली.

नागपूरची आली ती ब्लाउज शिवायला. मी म्हटलं, स्वल्प खाली वाका, खांद्याचं माप घ्यायचंय. ती वाकली. मी टेप लावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे.

ती हसली. लोकांचे पाय उचलून उचलून झालंय म्हणाली. उजव्या अंगठ्यालाही पट्टा बांधलेला होता. मग तिनं मला विचारलं, "तुम्ही बसून काहून माप घेऊन राहिल्या, अक्का?"

मी सगळं सांगितलं. खुर्ची, जिना, दसरा, मशीन. तिनं ऐकून घेतलं. खाली जमिनीवर फतकल मारली, माझा उजवा पाय सरळ केला, तळपायाला तळहात लावला. ढकला. मी ढकललं. तिचा हात जागचा हलला नाही. मग तिनं माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली. गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर खूण केली आणि मांडीला टेप गुंडाळली. आधी डावी, मग उजवी. उजवी दीड इंचानं बारीक. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेतली, माझ्या मांडीचं माप पहिल्यांदा कोणीतरी घेतलं. तिनं माझीच वही ओढली आणि ब्लाउजांच्या मापांमध्ये ते लिहून टाकलं.

"गुडघा धरून ठेवते ती मांडी," ती म्हणाली. "उसवलेली शिवण पुन्हा घालता नं तुम्ही? का कपडा फेकून देता?"

खंडेनवमीला आपली मशीनपूजा वर जाऊन करायची, असं त्या दिवशी ठरलं. तिनं ठरवलं. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं. मनात म्हटलं, बोलणारे बोलतात.

तिनं दिलेला व्यायाम ऐकाल तर हसाल. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्येक दहाला दाराच्या मागं भिंतीवर खडूची एक रेघ. खडू आमच्या घरात कमी नाही.

मी रेघा मारल्या. आषाढ गेला, नागपंचमी आली, दाराच्या मागची भिंत रेघांनी भरली. मुलगा बघून खूश. सून फोटो काढून बहिणीला पाठवायची. नागपूरची आली, भिंत बघितली. माझ्या गळ्यातली टेप काढली, चार बोटं मोजली, मांडीला लावली. वहीत जुनं माप बघितलं. पुन्हा टेप लावली.

"अक्का, भिंतीनं चांगला व्यायाम केला," ती म्हणाली. "तुमची मांडी तिथंच आहे."

काय सांगू तुम्हाला. गिऱ्हाईक म्हणतं, मी जाड झाले नाही, ब्लाउजच आटला. तेव्हा मी टेप लावते आणि म्हणते, टेप खोटं बोलत नाही. हे वाक्य मी किती बायकांना ऐकवलं असेल. आणि आता माझीच टेप, माझ्याच वहीत, मला खोटं पाडत होती. सून चहा घेऊन आली होती, ती कप ठेवून पटकन आत गेली. आत जाऊन हसली, मला ऐकू आलं.

मग मी खरं सांगितलं. पाय उचलला की दुखायचं. दुखलं की वाटायचं, आत काहीतरी घासून तुटतंय, जेवढं उचलीन तेवढं लवकर संपेल. म्हणून नुसत्याच रेघा मारत होते. घाबरत होते, एवढंच.

तिनं चेष्टा केली नाही. टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. "दुखते म्हणजे तुटते असं नाही, अक्का. व्यायामानं स्वल्प दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं, तर चालते. सकाळीही तसंच राहिलं तर आपण कमी करू. सुजलं, लाल झालं, ताप आला तर मी नाही, डॉक्टर. पण भ्यायचं नाही. भिऊन तुम्ही एक वर्ष दिलं. अजून किती देता?"

स्वल्प हा कन्नड शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला होता.

आणि नाही म्हणायचं तिथं ती नाही म्हणायची, हेही सांगायला हवं. गिरणीवाले अण्णा दोन दिवसांच्या बसप्रवासाहून आले, एकच पोटरी सुजलेली आणि गरम. मुरगळली असेल, स्वल्प दाबून दे म्हणाले. तिनं हातसुद्धा लावला नाही. रिक्षा थांबवली, अण्णांना बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि थेट मोठ्या दवाखान्यात. लोक म्हणाले, घाबरली. शिरेत रक्ताची गाठ निघाली. तेव्हापासून अण्णा तिला पिठाचे पैसे विचारत नसत आणि ती ते ठेवल्याशिवाय जात नसे. गिरणीवर हे भांडण दर आठवड्याला ऐकू यायचं.

त्यानंतर मी खरोखर केलं. रेघा कमी पडायच्या, पण खऱ्या. पहिले आठ दिवस मी तिला मनातल्या मनात कन्नडमध्ये शिव्या घातल्या. श्रावण संपला आणि एक दिवस खुर्चीतून उठले, हातात भाजीचं ताट होतं. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की हात टेकायला मोकळे नव्हतेच. कोणाला सांगितलं नाही. ताट ठेवलं, परत बसले, परत उठले. मग नागपूरची एक लाकडी पायरी घेऊन आली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. एक पायरी, मग दोन. गणपतीत उजवी मांडी पाऊण इंच वर आली. मी स्वतः टेप लावली, आणि ताणून नाही लावली.

घरात मात्र कुजबुज सुरू झाली. मुलगा म्हणाला, आई, खुर्चीतून उठणं वेगळं, सतरा पायऱ्या वेगळ्या. पडलीस तर? यशवंतपूरच्या माणसाला मी दसऱ्यानंतरच्या सोमवारी बोलावलंय. त्याचं प्रेम होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण प्रेमाचीही एक खुर्ची असते, बसलं की उठू देत नाही.

खंडेनवमीचा दिवस. गल्लीत सगळ्यांच्या गाड्या धुऊन हार घातलेले, दाराशी कुंकू भरलेले कोहळे फोडून रस्ता लाल झालेला. आमच्याकडे कात्र्या, सुया, इस्त्री, सगळ्यांची पूजा असते. मुलगा म्हणाला, मशीनचं चाक काढून खाली आणतो, तू इथंच हळद-कुंकू लाव. मी म्हटलं, मशीन काय गौर आहे, माहेरपणाला खाली यायला? मी जाते वर.

नागपूरची आली होती. नव्या ब्लाउजात, हात मागं बांधून उभी. मुलगा माझा दंड धरायला पुढे झाला, तर ती म्हणाली, "दादा, मागं या, खाली पडायची वेळ आली तर धरा. वर चढायला नका धरू. जिना त्यांचा आहे." मुलगा रागावला. पण मागं गेला.

चांगला आधी. मग दुखरा. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात पूजेची वाटी. आठ पायऱ्या गेल्या. नवव्या पायरीवर जिना वळतो, तिथं पायऱ्या तिरक्या आहेत. गुडघ्यातून कळ आली आणि मी थांबले. मागून मुलाचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, बस आई, एवढं खूप झालं. आणि खरं सांगते, मलाही तेच म्हणायचं होतं.

ती माझ्या बाजूनं दोन पायऱ्या वर गेली. वळली. तळहात पुढे केला.

"ढकला, अक्का."

मी वाटी मुलाच्या हातात दिली, तिच्या तळहाताला माझा तळहात लावला आणि ढकललं. मांडीपासून ढकललं, वर्षभराचं सगळं ढकललं. तिचा हात मागं गेला, ती एक पायरी वर सरकली. मी एक पायरी वर गेले. पुन्हा हात. पुन्हा एक पायरी. असं करत आम्ही दोघी भांडत भांडत वर पोचलो. मशीनवर धूळ होती. मी पदरानं पुसली, कुंकू लावलं, हार घातला आणि स्टुलावर बसून पायाखालचं पॅडल एकदा दाबलं. चाक फिरलं. मुलगा दारात वाटी घेऊन उभा होता, ती ठेवायचं त्याला सुचेना.

सोमवारी यशवंतपूरचा माणूस आला. मी वरच्या खिडकीतून हाक मारली, वर या, चहा घ्या. तो सतरा पायऱ्या चढून आला आणि धापा टाकत उंच खुर्चीवर बसला. ती खुर्ची मी आदल्या दिवशीच वर मागवून घेतली होती. चहा पिऊन तो रिकाम्या हातानं गेला.

गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही. झीज आहे ती आहे. डिसेंबरात सकाळी कुरकुरतो. मी त्याला म्हणते, कुरकुर, पण चल.

गेल्या वर्षी तिच्या आईचं अर्धं अंग गेलं आणि ती नागपूरला निघाली. निरोप घ्यायला वर आली, सतरा पायऱ्या. मी म्हटलं, आता आई कशी उठणार. ती म्हणाली, ढकलेल. एवढंच. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत आता मोबाईल दुरुस्त करतात. लोक अजून तेलाच्या बाटल्या घेऊन तिथं जातात आणि हात हलवत परत येतात. मग कोणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवतं. मी सांगते, मी शिंपीण आहे, आधी डॉक्टरांना दाखवा, त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली तर कागद कपाटात ठेवू नका.

वही भरली की जुनी मापं मी फाडून टाकते. बायका बदलतात, मापं बदलतात, जुनं ठेवून काय करायचं. एक पान मात्र ठेवलंय. वरच्या अर्ध्यात माझी मांडी, डावी-उजवी, दर खंडेनवमीला एक ओळ. खालच्या अर्ध्यात तिचा ब्लाउज, उजवा खांदा अर्धा इंच खाली. आईला उचलून उचलून आता आणखी उतरला असेल. येईल एक दिवस, नवा ब्लाउज शिवायला तरी येईल. मी उभी राहून माप घेईन. खांदा वर आला नसेल, तर टेप गळ्यात टाकीन आणि तळहात पुढे करून म्हणेन, ढकल.