गोधड्यांमागचे लाडू

खारका फोडायचं काम माझं होतं. अडकित्त्यात खारीक धरायची, उभी चिरायची, बी काढून टाकायची आणि तुकडे बायकोच्या ताटात टाकायचे. ती परसातल्या चुलीपाशी बसून तुपात डिंक फुलवत होती. एकदा माझ्याकडनं खारीक बीसकट गेली.

"डोळं हायेत का बटणं?" ती म्हणाली.

"बटणंच हायेत. पन्नास वर्सं तूच लावतीयास."

ती हसली आणि पदरानं कपाळ पुसलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम हेच.

लाडू नातीसाठी होते. ही माझ्या मुलाची मुलगी, लोणीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला, बावीस दिवसांचा होता. लाडवांचा पहिला डबा पंधरा दिवसांत संपला म्हणून हा दुसरा घाट. माझी सून, म्हणजे पोरीची आई, येईल त्या बाईला सांगायची, "लाडवावर लाडू खाती." बायका टोपडी-झबली घेऊन यायच्या, बाळाचं नाक कुणावर गेलं यावर भांडायच्या, आणि जाताना म्हणायच्या, "पोरगी लई गुणाची. रडणं न्हाई, कुरकुर न्हाई, तोंडातनं शबुद न्हाई."

आमची गाय दोन दिवस रवंथ करायची थांबली तर आम्ही ढोरांच्या डॉक्टरला फोन लावतो. पोरगी बावीस दिवस बोलली नाही तर तिला गुणाची म्हणतो. अशी आमची अक्कल.

बारशाला चौकात फ्लेक्स लागला. मधोमध बाळ, भोवती मामे, काके, मित्रमंडळ, गॉगल लावलेले. जिनं नऊ महिने वागवला तिचा फोटो नाही. मी विचारलं तर मुलगा म्हणाला, जागा पुरली नाही. पाळणा म्हणताना बायका गळा मोकळा सोडून गात होत्या आणि नात भिंतीवरच्या पालीकडं बघत होती. कुणीतरी तिच्या हातात बाळ दिलं, फोटो काढला, बाळ परत घेतलं.

एक दिवस सरकारी दवाखान्याची आशाताई बाळंतिणीला विचारायच्या प्रश्नांचा कागद घेऊन आली. चांगली बाई आहे, तिला दोष नाही. तिनं नातीला विचारलं, "मन उदास वाटतं का?"

सून चहा गाळता गाळता म्हणाली, "तिला कशाला उदास वाटंल? मुलगा झालाय."

"झोप लागते का?"

"लागती की."

"जेवण?"

"लाडवावर लाडू."

कागद भरला. नातीनं तोंड उघडलं नव्हतं. मी ओट्यावर बशीत चहा ओतून पीत होतो आणि सुनेच्या उत्तराला हसलो होतो, हेही लिहिलं पाहिजे. हसली नाही ती एकटी माझी बायको. ती दारात उभी राहून पोरीकडं बघत होती.

तर त्या दिवशी खारका फोडून झाल्या. बाळाला जुनी मऊ गोधडी हवी म्हणून बायको आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती ओटीत काहीतरी घेऊन. माझ्यापुढं ओतलं. लाडू. अख्खे, दात न लागलेले, काहींवर बुरशी धरलेली. गोधड्यांच्या थप्पीमागं पोरीनं नीट ओळीनं लावून ठेवले होते. सुनेचा डबा असा संपला होता.

"ती खात न्हाई," बायको म्हणाली. "निजत बी न्हाई. हे काय असतं ते मला ठाव हाय."

तिला ठाऊक होतं, आणि मलाही असायला पाहिजे होतं. पन्नास वर्षांपूर्वी माझा हा मुलगा झाला तेव्हा ती अशीच गप्प झाली होती. पोराला जवळ घेईना. विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. माझी आई म्हणाली, बाहेरचं लागलंय. आम्ही तिला घाटघराकडच्या एका भगताकडं नेलं. ओली बाळंतीण, अर्धी वाट गाडीत, अर्धी चालत. त्यानं मिरच्यांची धुरी दिली. ती पळू नये म्हणून तिचे हात कुणीतरी धरायला पाहिजे होते. ते मी धरले. तिचा श्वास कोंडला, ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी भगताकडं बघत होतो.

पुढं चार-सहा महिन्यांनी ती सावरली. शेजारची एक विधवा म्हातारी रोज दुपारी यायची, तिचे केस विंचरायची, बाळाला मांडीवर घ्यायची आणि हिला म्हणायची, "तू नीज." एवढंच. पण आमच्या घरात भगताचाच गुण आला असं सांगितलं जातं. पारावर मीसुद्धा सांगायचो, चांगला रंगवून. बायको ऐकायची, काही बोलायची नाही. मला वाटायचं, विसरली.

लाडू पुढ्यात पडले होते. बायको म्हणाली, "उद्या हिला जुन्नरला दवाखान्यात न्यायचं. तुमी संगं यायचं."

सून आतून आली. लाडू बघून तिचं तोंड उतरलं, पण जीभ नाही उतरली. "आत्याबाई, सव्वा म्हैना व्हायचाय. आत्ताच उंबरा वलांडला तर वारं बाधंल. आन् लोणीला कळलं म्हंजी? पोरगी याडी हाय म्हणत्याल."

"याडी मी बी व्हते," बायको म्हणाली. "तुझा नवरा याडीच्याच पोटचा हाय. त्याला टाकलास का?"

सून खाली बसून लाडू गोळा करायला लागली. मग दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. घरातला मोठा माणूस मी, चौथी पास, पंचायतीत दोनदा निवडून आलेला. मी अडकित्ता पुसला आणि म्हणालो, "सव्वा म्हैना तर हू दे. मग बघू."

बायको माझ्याकडं बघत राहिली. "तवा बी तुमी 'भगताला इचारून बघू'च म्हणला व्हता," ती म्हणाली. आणि डिंकाच्या परातीवर झाकण ठेवून, "पाक सांजच्याला करू. जरा पाठ टेकते," म्हणून पडवीत जाऊन पडली.

चार वाजता मी चहाला हाक मारली. उठली नाही. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच गेल्या, हृदय थांबलं. त्या बाळंतपणानंतर ती दुपारची निजलेली मी पहिल्यांदा बघितली होती, आणि मला वाटलं होतं आज जरा आळसावली.

भाऊबंद जमले. आमच्याकडं माणूस मेलं की सगळ्यांना एकदम शास्त्र आठवतं. पहिली घाई कसली, तर बाळंतिणीवर मयताची सावली पडायला नको. पोरीला आणि बाळाला उचलून मागच्या खोलीत नेलं, जिथं खताच्या गोण्या असतात. बिबट्याचं भय म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. आमच्या उसात बिबट्या दिसला तर चार वाड्यांची माणसं गोळा होतात, पिंजरा लागतो, मोबाईलवर फोटो फिरतात. घरात पोरगी विझत चालली होती, तर तिला कडी.

दिवस मावळायच्या आत आम्ही ओढ्याकाठी अग्नी दिला. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. भाऊबंदांकडून पिठलं-भाकरी आली. मी दोन घास खाल्ले. मागच्या खोलीत कुणी ताट नेलं का, हे मी विचारलं नाही. मग कळलं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं नेलं.

सकाळी ओट्यावर सभा भरली. दहाला सावडायला जायचं ठरलं. मग दहाव्याचं निघालं. प्रवचनाला महाराज कोणता, श्रद्धांजलीला पुढारी कोण कोण, माईकवर पहिला मान कुणाचा. जिच्या नावानं हे चाललं होतं तिनं जन्मात माईक धरला नव्हता. मी उठलो. थर्मासातला चहा कपात ओतला आणि मागच्या खोलीची कडी काढली.

पोरगी गोणीला टेकून बसली होती. बाळ तिच्या मांडीवर होतं, पण तिनं धरलेलं नव्हतं, नुसतं ठेवलेलं होतं. रडून रडून बाळाचा आवाज बसला होता. चहाकडं तिनं बघितलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "आजी सुटली. मला बी तसंच निजायचं. परत उठायला नको."

बाळंत झाल्यापासून तिचं हे पहिलं सरळ वाक्य. माझ्या जिभेवर 'बघू' आलं होतं. ते गिळलं.

"चल," मी म्हणालो. बाळ उचललं आणि ओळखीच्या जीपवाल्याला फोन लावला.

ओट्यावर सगळे उभे राहिले. "सुतकात? बाळंतिणीला घिऊन?" माझा चुलतभाऊ म्हणाला. "दादा, आज सावडायचंय. नवराच न्हाई म्हणल्यावर लोकं काय म्हणत्याल?"

"लोकं काय म्हणत्यात ते मला इचारू नको," मी म्हणालो. "पन्नास वर्सं त्या लोकांतलाच एक हून म्हणत आलोय मी."

मुलगा खाली बघत उभा होता. सून धावत आली. मला वाटलं आडवी येणार. तिनं स्वतःचा स्कार्फ सोडून पोरीच्या कानांना बांधला. "वारं बाधंल," एवढंच म्हणाली, आणि बाळाच्या दुपट्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली.

जुन्नरला डॉक्टरीणबाई होती, माझ्या नातीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं पोरीला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?"

"तसं काय न्हाई बाई," मी सुरू केलं, "घरात कालच मयत झालंय, म्हणून जरा..."

"आजोबा, तिला विचारलंय."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं. पोरीनं बराच वेळ पायाच्या बोटांकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं आपली खुर्ची तिच्या जवळ ओढली. मला म्हणाली, बाळंतपणानंतर असं होतं, यावर औषध आहे, बोलणं आहे, पण आता हिला एकटी सोडायची नाही, एक क्षणही नाही. आणलंत ते बरं केलंत. आता बाळ घेऊन बाहेर बसा.

मी बाहेर बाकावर बसलो. पन्नास वर्षांपूर्वी माझं स्वतःचं पोर मी असं धरलं नव्हतं, बापे धरत नसत. डोकं कुठं टेकवायचं ते कळेना. शेजारच्या बाईनं माझा कोपर वर करून दाखवलं.

फोन वाजला. चुलतभाऊ. "दादा, कुठं हाय? दहा वाजून गेलं. मंडळी ओढ्यावर खोळंबलीत."

"खोळंबू द्या," मी म्हणालो. "तिला आता कसली घाई न्हाई."

फोन खिशात टाकला आणि बाळाचं टोपडं कानावर ओढलं. दार अजून बंद होतं. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज यायला लागला होता. मी बसून राहिलो.