शेवटच्या घरापर्यंत हाक

विलिकेसाचा आवाज मोठा आहे, डोकं त्या मानानं बेताचं. हे मी म्हणू शकतो, कारण तो माझा तवाले, म्हणजे मामाचा मुलगा. आमच्या फिजीत मामे-आतेभावांनी एकमेकांची टर उडवायची नाही, तर काय पाद्रीबाबांनी उडवायची?

तरुणपणी तो बेटाबेटांमधून फिरणाऱ्या बोटीवर होता. इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून गळा तयार झाला. परत आला, लग्न केलं, तारोचा, म्हणजे अळूच्या कंदांचा, मळा धरला. बायको लवकर गेली, तेव्हा एकुलती लेक उनाइसी एवढीशी होती. तिच्या वेण्या घालायला तो माझ्या बायकोकडून शिकला. पुढं उनाइसी कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिथलीच झाली. इकडे गावानं विलिकेसाला गावप्रमुख निवडलं.

गावप्रमुखानं संध्याकाळी गावभर चालत हाक द्यायची. उद्या गवत कापायचंय, परवा नर्सबाई येणार. ऐकणाऱ्यानं घरातूनच ‘विनाका’ म्हणायचं, म्हणजे ऐकलं, आभार. मग फोनवर गावाचं पान निघालं आणि परदेशी गेलेली माणसंही त्यावर आली. विलिकेसा हाक सोडून तिथंच लिहू लागला. त्याच पानावर उनाइसी तोमासीचे फोटो टाकायची. या नातवाला त्यानं अजून मांडीवर घेतलेलं नाही. रोज चहा घेताना तो फोटो बघायचा आणि मी बघितलेले असले तरी मला दाखवायचा.

गेल्या वर्षी एका दुपारी त्या पानावर कुणीतरी टाकलं, समुद्राची लाट येतेय, टेकडीवर पळा. सोबत विलिकेसाचा फोटो, जणू त्यानंच लिहिलंय. लाटबीट काही नव्हतं. पण गाव पळालं आणि म्हातारी माकेरेता चिखलात पडली. मांडीचं हाड मोडलं. हा कुणाचा उद्योग ते कधीच कळलं नाही. विलिकेसानं पान पुरवणाऱ्या कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं, यात आम्हाला काही गैर दिसत नाही.

माकेरेता अंथरुणावरून त्याला म्हणाली, “बाळा, मी कुठं त्या फोनवर विश्वास ठेवते? सुनेनं तुझं तोंड दाखवलं, म्हणून पळाले.”

ती काही पुन्हा उठली नाही. तिला पुरून आला आणि विलिकेसानं पान सोडलं.

संध्याकाळी याकोना, म्हणजे आमचं मुळ्यांचं गुंगीचं पेय, पिताना मी त्याला चांगला झाडला. “शहाण्या, तूच उठून गेलास तर खोट्याला खोटं म्हणणार कोण?”

“होतो तेव्हा म्हटलं की. कुणी वाचलं?”

“म्हणून घर चोरांच्या हवाली करायचं?”

“घर चोरांचंच आहे रे. मी दारात बसलेला दिसतो, म्हणून आपली माणसं आत शिरतात.”

“आणि तोमासी?”

त्यानं करवंटी एका दमात रिकामी केली.

“माझ्या फोनवर बघ की, लेका,” मी म्हणालो.

“तुझ्याच फोनवर बघायचं, तर मग माझ्या फोनानं काय घोडं मारलं होतं?”

त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. गावात निम्म्या घरांना कुलपं आहेत, माणसं परदेशी. तो पुन्हा हाक देत फिरू लागला, तर पोरं त्याची नक्कल करायची. समुद्राकडच्या टोकाची घरं तर सगळीच बंद, तरी हा तिथंही जाऊन ओरडायचा.

“तिथं कोण ऐकतंय? खेकडे?” मी विचारलं.

“गावातच आहेत ना ती घरं?” तो म्हणाला.

उनाइसी फोन करते, पण तिच्या कामाच्या पाळ्या असतात. परवाच्या रविवारी चर्चमधून आलो आणि तिचा फोन आला. मी शेजारीच होतो.

“ताता, बघितलंस ना, कसा चालतो?”

“कोण?”

“अगं बाई! मी पानावर टाकलं होतं रे. तू तिथं नाहीस हे विसरलेच.”

त्या संध्याकाळी त्यानं हाक दिली, “उद्या पाण्याची टाकी धुवायची!” दोन-तीन विनाका आले. मग म्हणाला, “आणि माझा नातू चालायला लागला!”

एका घरातून हसू आलं. “विलीकाका, ते आम्ही केव्हाच पाहिलं!”

तो पुढं चालू लागला. मला फार वाईट वाटलं, म्हणून काठी टेकत मागं गेलो. बंद घरांपाशी उभा राहून त्यानं तीच बातमी पुन्हा दिली, तितक्याच मोठ्यानं. मग थांबून राहिला. टोमणा माझ्या ओठावर आला होता.

“विनाका,” मी म्हणालो.

तो वळला नाही. “तू पाहिलंस ना रे? कसा चालतो तो?”

मी काठी भिंतीला लावली, त्याच्यासमोर जाऊन हात पसरले, पाय फाकवले आणि त्याला चालून दाखवलं.