चंद्रीचं पुढे काय झालं?

कापूस साफ करणाऱ्या बायकांच्या अंगाला जशी रुई चिकटते ना, तसेच किस्सेही चिकटतात. कितीही झटकून घरी या, वेणीत एखादा राहतोच! आमच्या अमरावतीच्या वखारीतले तर इतके झालेत, की कोणते घडलेले आणि कोणते गोदाकाकूंनी रचलेले, हे आता मलाच कळत नाही. पण आज सांगते ते घडलेले. शपथ!

सातासमुद्रापार कुठे तरी लढाई पेटली आणि विलायतेच्या गिरण्यांना एकदम आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवासा झाला, तेव्हाची ही गोष्ट. एका व्यापाऱ्याच्या वखारीत आम्ही बायका कापसातला पाला-काडी वेचत बसायचो. मी माळ्याची रुखमी, सगळ्यांत नवी. गोदाकाकू मूळच्या बाळापूरच्या, विधवा, तोंडानं फटकळ. काम करता करता त्या रोज एक गोष्ट सांगायच्या, स्वतः रचलेली. तिच्यातली चंद्री ही गाडीवानाची बायको. नवरा कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईकडे गेला तो परतलाच नाही, म्हणून ही त्याला शोधायला निघाली. बस, एवढ्यावर काकूंनी दोन हंगाम काढले!

*

मुकादमाचा हुकूम होता, "तोंडं बंद, हात चालू!"

एकदा तो आम्हाला रंगेहाथ पकडायला म्हणून खांबाआड येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता काम जातं की काय! काकूंनी त्याला पाहिलं, पण गोष्ट थांबवली नाही. चंद्री पूर्णेच्या काठाशी पोचली होती, नदीला पूर आलेला, नाव नाही, नावाडी नाही. मुकादम रागवायचंच विसरला.

दुसऱ्या दिवशी त्याला अकोल्याला जायचं होतं. बैलांची दमणी जुंपून तयार, पण स्वारी काही फाटकातून हलेना. शेवटी आत आला आणि घसा खाकरून म्हणाला, "गोदाबाई, मी पाच-सहा रोजात येतो. तोवर त्या चंद्रीले नदी पार करू देऊ नका!"

*

मुकादम परतला, पण चंद्री अजून अलीकडच्याच काठावर! काकूंना पुढचं सुचेचना. रोज चंद्री काठावर बसून लुगडं धुवायची. आज धुतलं, उद्या वाळवलं, परवा परत धुतलं.

आमची जनी मोठी आगाऊ. ती म्हणाली, "काकू, किती धुवून राहिली व ते? फाटन आता!"

"फाटू दे. फाटलं की शिवाले बसवतो तिले!"

सगळ्या हसल्या. पण काकूंच्या कपाळावर घाम होता, तो मी पाहिला. सुटीच्या आदल्या रात्री त्या चांदूर बाजारच्या गाडीत बसून गेल्या आणि दिवसभर पूर्णेकाठी नुसत्या बसून राहिल्या. परतल्या त्या दिवशी चंद्री म्हशीचं शेपूट धरून पार!

मी विचारलं, "काकू, हे सुचलं कसं?"

"सुचते कायचं? डोयानं पाहिलं. म्हैस काई मले इचारून पान्यात नाई उतरली!"

*

तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. रोज सकाळी काकूंच्या घशाखाली भाकरीचा तुकडा उतरायचा नाही. लिंबाखाली येरझारा घालायच्या.

"रोज तर सांगता काकू, तरी काहून भेव वाटते?"

"वाटते, आज तोंड उघडीन अन् आत काईच नसन."

"अन् ज्या दिवशी भेव नाई वाटत?"

"त्या दिवशी मी कालचीच गोष्ट सांगून राहतो. तुमाले समजत नाई!"

*

गोष्टीत चंद्रीला छळणारी एक सासू होती. ती थेट जनीच्या सासूवर बेतलेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणीतरी चुगली केली, आणि एक दिवस ती म्हातारी स्वतः वखारीत हजर! काकूंसमोर मांडी ठोकून म्हणाली, "हं, सांग."

जनी पांढरीफटक. काकूंनी एक शब्दही बदलला नाही. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं, उठली, पदर झटकला.

"बाकी समदं खरं हाय," ती म्हणाली, "पन मी येवढं कमी कधीच नाई बोलत!"

*

आणि हा किस्सा तानीचा.

तानी आमच्यात उशिरा आली. अबोल पोर. तिचा नवरा खरोखरच गाड्या घेऊन मुंबईकडे गेला होता, आणि कित्येक महिने त्याचा पत्ता नव्हता. ती आल्यापासून काकूंनी गोष्टीत कोणालाही मरू दिलं नव्हतं. साधा बैलसुद्धा नाही!

एकदा काकू तापानं निजल्या आणि गोष्ट जनीनं हाती घेतली. कोणी गाडीवान चंद्रीकडे तिच्या नवऱ्याचं पागोटं घेऊन आला, म्हणाला, घाटात गाडी कोसळली. तानी उठली, लुगडं झटकलं आणि चालू लागली. मी धावत काकूंकडे गेले.

त्या तापातच उठून बसल्या. "पागोटंच आनलं ना? मानूस तर नाई आनला? पागोटं काय, कोनाचंबी असते!"

दुसऱ्या दिवशी कण्हत आल्या, तानीला घरून बोलावून घेतलं आणि गोष्टीतलं ते पागोटं भलत्याचंच निघालं.

मग तिकडची लढाई संपली म्हणे. गाड्या कमी झाल्या. एका दुपारी मुकादमानं सांगितलं, उद्यापासून काम बंद. काकूंना गोष्ट त्याच दिवशी संपवायची होती. कापूस बाजूला सारून त्या सांगू लागल्या. चंद्री सगळा मुलूख धुंडून एकटीच घरी परतली. चुलीपाशी बसली. दाराची कडी वाजली.

"कोन आहे व?" जनीनं विचारलं.

"मले नाई माईत." काकू तानीकडे वळल्या. "ताने, तू सांग. कोन आहे दारात?"

कोणाचाच हात हलेना. मुकादमसुद्धा खांब सोडून पुढे सरकला. तानीनं कापसातली एक काडी काढली, मग दुसरी. मान वर न करता म्हणाली,

"आधी दोघाच्या भाकरी थापू द्या तिले. मंग उघडन दार."