कोरीटला मुलगी पाहायला सगळी कंपनी

आता ही फजिती तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? पण सांगतोच, कारण नंदुरबारात ती माझ्याआधी सगळीकडे पोचलीय. चहा घ्या, ऐकता ऐकता गार व्हायचा.

मी एका मिरचीच्या कंपनीत मॅनेजर. कंपनी म्हणजे काय, तर पुढे पेढी आणि मागे पथारी, म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. लालभडक मिरची पसरलेली आणि नवा माणूस शिंकल्याशिवाय आत येत नाही! मालक आबाशेठ. त्यांची काम सांगायची पद्धत वाडवडिलांपासूनची: गादीवर बसून हाक मारायची. हाक पोचली तर काम व्हायचं, नाही पोचली तर मागून शिवी पोचायची.

आणि मला आधुनिक व्हायची हौस! आधी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणलं, तर कामाचा निरोप 'शुभ सकाळ'च्या गुलाबांखाली गाडला जायला लागला. मग मी कंपनीचं सामाईक कॅलेंडर काढलं. मी त्यात काम टाकलं की प्रत्येकाच्या फोनवर आमंत्रण जाणार, त्याने फक्त 'येणार' हे बटण दाबायचं. इतकं सोपं!

पण कोणी दाबेल तर शपथ! मी पथारीवर फिरून फिरून घसा बसवून घेतला. शेवटी कॅलेंडरला नावं ठेवणारे आबाशेठच गरजले, "अरे, तो तुम्हले आमंत्रण धाडी ऱ्हायना ना? बलावनं उनं का जानं पडस! नही गयात ते त्याना अपमान शे!"

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. बलावणं आलं आणि गेलो नाही, असं आमच्याकडे होत नाही. त्या दिवसापासून आमंत्रण जायचा अवकाश, लोक भराभरा 'येणार' दाबायला लागले. मी तर हवेतच!

आता जरा घरातलं सांगतो. माझं लग्न जमत नव्हतं. तिशी उलटलेली, नोकरी खाजगी, शेती बेताची. स्थळं यायची, पोहे खायची, 'कळवतो' म्हणायची आणि गायब व्हायची. आईने देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते. अशात कोरीटच्या रामदासबापूंच्या मुलीचं, नीलिमाचं, स्थळ आलं. फोटो पाहिला आणि खरं सांगतो, मला ती फार आवडली. हे जमलं नाही तर आपलं काही खरं नाही, असंच वाटायला लागलं.

म्हणून मी काय करावं? तर लगेच फोनमध्ये नोंद केली: 'रविवार सकाळ, कोरीट, मुलगी पाहणे.' अहो, असली गोष्ट कोणी विसरतं का? पण हौस!

थोड्या वेळाने फोन टिंगटिंग वाजायला लागला. पथारीवरच्या बायकांच्या मुकादम सुमनआक्का येणार. टेम्पोवाले भरतभाऊ येणार. हमाल येणार. आणि सगळ्यांच्या आधी खुद्द आबाशेठ येणार! मला वाटलं, सोमवारी माल भरायचं काम टाकलंय, त्याचीच ही उत्तरं. मनात म्हटलं, शाब्बास संदीप, कंपनी सुधारलीस! आपली नोंद कुठल्या कॅलेंडरात गेलीय, हे उघडून बघायचं कोणाला सुचतंय?

रविवारी आई, मामा आणि मी कोरीटला पोचलो. बापूंनी खाटेवर नवी चादर घातलेली. नीलिमा पोहे घेऊन आली, समोर बसली, माझ्याकडे बघून जरा हसलीसुद्धा. मी पोह्यांऐवजी नुसता चमचाच तोंडात घातला!

आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

बघतो तर काय! टेम्पोतून सणाच्या साड्या नेसलेल्या बायका उतरतायत, त्यांच्यामागे हमाल, आणि पुढच्या सीटवरून टोपी सावरत आबाशेठ.

आई माझ्या कानाशी आली. "कोन बलावं रे यासले?"

"राम राम बापू!" आबाशेठ हात जोडून आत शिरले. "जराखा उशीर व्हयना."

"आबाशेठ, तुम्ही इथे कसे?" मी पोह्यांची बशी घेऊन तसाच उठलो.

"म्हणजे? तूच ते बलावं ना! सर्वासना पहिले मीच 'येणार' दाबं!"

बापू बिचारे भले माणूस. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, म्हणून सतरंज्या अंथरल्या. पोहे पुरेनात तर सुमनआक्का पदर खोचून थेट चुलीपाशी गेल्या आणि परातभर पोहे करून आल्या.

पण खरी मजा पुढेच. मुलाची चौकशी करायला मुलीच्या बापाला किती हिंडावं लागतं! या गावात पाहुणा गाठ, त्या गावात मित्र गाठ. इथे सगळी चौकशी टेम्पोत बसून घरी आलेली! बापू सरसावून बसले. मला एकही उत्तर द्यावं लागलं नाही.

नीलिमाने मला विचारलं, "तुम्हाला घरातलं काही काम येतं का?"

सुमनआक्का म्हणाल्या, "येस ना! एकदाव च्या करा व्हता यासनी. ते पातेलं आम्ही आजून घासी ऱ्हायनूत!"

"राग येतो का तुम्हाला?"

भरतभाऊ म्हणाले, "राग? नाव नको काढू ताई! कोनी कितला बी बोला, यासले समजतच नही!"

"बरं, कंपनीत नेमकं काय काम करता?"

यावर सगळ्यांनी आबाशेठकडे बोट केलं. मग आबाशेठनी मोठ्या प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "ते आम्हले बी समजेल नही. पन करस, दिनभर करस!"

नीलिमाने तोंडाला पदर लावला. मला वाटलं लाजली. आई म्हणाली, "लाजत नही रे, हासी ऱ्हायनी." तेवढ्यात बापू आबाशेठना आपलं मिरचीचं शेत दाखवायला निघूनही गेले.

दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन आला. मला नाही, आबाशेठना! नीलिमाचा निरोप होता: 'माणसं फार चांगली आहेत. पण मला एका माणसाशी लग्न करायचंय, कंपनीशी नाही.'

वाईट वाटलं हो. हसू नका, खरंच वाटलं. आबाशेठच्या चेहऱ्यावर मात्र दुःखाचं नाव नाही.

"पोर नही म्हने," ते म्हणाले, "पन बापूनी यंदानी सर्वी मिरची आपलेच देवानं कबूल करं! तुन्हं कॅलेंडर भलतं कामनं शे रे! मी उगाच नावं ठेवी ऱ्हायंतू."

संध्याकाळी माझा फोन वाजला. आबाशेठनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने आमंत्रण टाकलं होतं: 'रविवार, शहादा, संदीपसाठे पोर देखाले जानं.' सुमनआक्का, भरतभाऊ, सगळे 'येणार' दाबून मोकळे! मीही दाबलं, आता मालकाला नाही कसं म्हणणार?

मग खाली बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. कॅलेंडरातली एक सोय मी कोणालाच शिकवली नव्हती, ती आबाशेठनी आपली आपण शोधून काढली होती.

'दर रविवारी. हंगाम संपेपर्यंत.'